कमरेएवढ्या वडाची पूजा

स्वातंत्र्य नवंनवं होतं, जो तो देशासाठी काहीतरी करत होता. कलकत्त्यातल्या आमच्या गल्लीने झाडं लावायला घेतली. आमच्या यजमानांची बदली गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झालेली, दुपारभर मला उद्योग नाही, म्हणून मीही त्या स्वयंसेवकांत शिरले. पुढारी होते समोरच्या घरातले निवृत्त बंगाली मास्तर. बाकीची सगळी रोपं बकऱ्यांनी फस्त केली; कोपऱ्यावरचा एक वड तेवढा वाचला. मास्तर त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे, भर उन्हात त्याच्यावर छत्री धरून उभे राहायचे. हाही गेला तर मी पुन्हा कुदळ हातात धरणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

आणि मी काय केलं? हळदीकुंकवाला मराठी बायकांत मिरवलं, की आमच्या गल्लीत वड आहे. हात दाखवून अवलक्षण! इथे आम्हा बायकांची वटपौर्णिमा म्हणजे कुणाकडून तरी फांदी मागवायची आणि घरातच पाटावर पुजायची. झालं, प्रत्येकीचा निरोप आला, एकच फांदी दे गं. सगळ्यांना दिल्या असत्या तर मास्तरांना नुसती काठी उरली असती. मी कळवलं, फांदी मिळायची नाही, पूजा इथेच येऊन करा.

तर आल्या की सगळ्या! पार बराकपूरहूनसुद्धा, नथी घालून, ताटं घेऊन. सगळ्यांत थोरल्या काकूंनी माझ्या कमरेएवढा तो वड न्याहाळला. "याला पुजायचं की कडेवर घ्यायचं?" त्या म्हणाल्या.

आम्ही बांबूचं कुंपण बाजूला केलं, सूत काढलं, तेवढ्यात मास्तर धावत आले. दोऱ्याने झाड आवळेल, पानं तुटतील, असं हिंदी-बंगालीत विनवायला लागले. काकूंचं म्हणणं, सूत वडालाच गुंडाळायचं असतं. मास्तरांनी सरळ वडाला मिठी मारली आणि उकिडवे बसले. काही केल्या हटेनात, इकडे मुहूर्त टळत चाललेला. शेवटी काकूंनी पदर खोचला आणि मास्तरांसकट गुंडाळायला सुरुवात केली. मग काय, आम्हीही सात सात फेऱ्या घातल्या. धोतर, चष्मा, वड, सगळं सुतात. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं मेलं. रिक्षावाले रिक्षा सोडून बघत उभे राहिले.

गलका ऐकून मास्तरांची बायको खाली आली. हे काय चाललंय, तिने मला विचारलं. हाच नवरा सात जन्म मिळावा म्हणून असं गुंडाळतात, मी सांगितलं. ती सुतातल्या नवऱ्याकडे बघत राहिली.

मास्तर आतून बायकोला म्हणाले, "ओगो, एखादं पान तुटलं का बघ ना."

"लग्न झाल्यापासून तुम्ही माझी कधी इतकी चौकशी केली नाहीत," ती म्हणाली. "सात जन्म या झाडानेच मागावेत. मला हा एक पुरे."

मग तिने माझ्या हातातली सुताची गुंडी घेतली आणि पानं सांभाळत, हळूहळू, एक फेरी घातली.