सुमनवहिनींचं घर ओढणार कोण?

किस्से काही आपण मुद्दाम गोळा करत नाही. दारात कडुनिंब असला की रोज झाडा, रोज पाला. आमच्या खामगावच्या गल्लीचं तसंच आहे. मी दहावी शिकलेली बाई, लिहिणं हे काही माझं काम नाही. पण मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या सुमनवहिनींच्या घरी जे चाललं होतं, त्याचा एवढा पाला माझ्या दारात साचला की म्हटलं, एकदा टोपलीत भरावाच.

सुरुवात कुकरनं केली. वहिनींचं स्वयंपाकघर आणि माझं, मधे फक्त एक बोळ. दोन्ही खिडक्या समोरासमोर. मी लसूण सोलत होते. हात कामात असले तरी कान मोकळेच असतात माणसाचे. वहिनी फोनवर बहिणीला सांगत होत्या, "माह्यं ठरलं आता. या आखाजीले मी घर सोडून—"

आणि माझ्याच कुकरची शिट्टी झाली. मी धावत जाऊन गॅस बंद केला, पण शिट्टी काय आपल्या हातात असते? ती संपली तेव्हा शेवटचं वाक्य तेवढं हाती लागलं, "यांच्यानं ओढणं झालं तर ठीक, नाही तर दुसरं कोणी पाहू."

आता सांगा, याचा अर्थ कोणी काय लावेल?

मी फक्त दोघींना सांगितलं. तेही काळजीपोटी. संध्याकाळी आमचे हे घरी आले ते विचारतच, "काय वं, सुमनवहिनी मधुभाऊले सोडून चालल्या म्हणते?"

म्हटलं, "तुम्हाले कोणी सांगितलं?"

"मुख्तारभाईनं."

मुख्तारभाईंचं वेल्डिंगचं दुकान गल्लीच्या टोकाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांच्यापर्यंत बातमी गेली म्हणजे ती आता तालुक्याची झाली.

* * *

दुसऱ्या दिवशी वाटीभर कढी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. कढी हे निमित्त. मधुभाऊ, म्हणजे सुमनवहिनींचे मालक, कोर्टात कारकून होते, आता रिटायर झालेत. काडीसारखा माणूस, आवाज मात्र साहेबाचा. ओसरीत पाठमोरे बसून फोनवर बोलत होते.

"रिकामी असताना वजन किती? ... अन् भरल्यावर? ... लांबीचं जाऊ द्या हो, मले झेपली पाह्यजे. ... पहिल्या मालकानं काऊन सोडली मग?"

माझी कढी सांडली. घरची बाई घर सोडून चालली आणि हा माणूस दुसरीचं वजन विचारून राह्यला! पण कोणावर एकदम वाईट शंका घेऊ नये, म्हणून मी हळूच विचारलं, "मधुभाऊ, म्हैस घेऊन राह्यले का?"

"नाही लतावहिनी," ते म्हणाले, "घर."

मग सुमनवहिनींनी मला आत बसवून मोबाइलवर फोटो दाखवला. दोन चाकांवर एक छोटं घर. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास. गाडीच्या मागे हुकाला अडकवायचं आणि न्यायचं जिकडे जायचं तिकडे. कॅम्पर ट्रेलर म्हणतात त्याला.

म्हटलं, "काशीले जाता का?"

"काशीले लोक जातात वं लता. मले माहेरी जायचं आहे."

वहिनींचं माहेर देऊळगाव राजाच्या अलीकडे एका खेड्यात. भावांनी राहतं घर विकलं आणि ते जालन्याला गेले. शेत उरलं, विहीर उरली, चार आंब्याची झाडं उरली. वहिनी दरवर्षी आखाजीला जातात. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात ना. पण झाडाखाली बसायचं, डबा खायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. गुडघे असे की खाली झोपता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, म्हणून कोणाच्या घरीही मुक्काम करता येत नाही.

"माहेर हाय मले," त्या म्हणाल्या, "पण माहेरची रात्र नाही राहिली. घर सोडून नाही, घर घेऊनच जाईन म्हटलं बहिणीले."

कुकरनं काय खाल्लं होतं ते मला तेव्हा समजलं. गल्लीत मी लगेच दुरुस्ती सांगितली. पण खऱ्या बातमीला पाय नसतात. लोक म्हणाले, "सामान नेऊन राह्यल्या म्हणजे जाणारच की."

* * *

घर पसंत करायला ते दोघं संभाजीनगरला गेले. मीही गेले. वहिनींच्या गुडघ्यांना आधार नको का?

पहिला ट्रेलर म्हणजे महालच. फ्रिज, टीव्ही, सोफा. विकणारा पोरगा टाय लावून उभा. म्हणाला, "मॅडम, चार जण आरामात झोपतात."

वहिनी म्हणाल्या, "मले एकटीले झोपायचं आहे बाबा. पोळपाट कुठी ठेवू ते सांग."

मधुभाऊंनी लगेच विचारलं, "एकटीले?" पण वहिनी तोवर पुढच्या ट्रेलरकडे गेल्या होत्या. हे वाक्य मी तेव्हाच लक्षात ठेवायला पाहिजे होतं.

दुसरा घडीचा होता. झाकण उघडलं की आतून तंबू बाहेर येतो. वहिनी म्हणाल्या, "हे घर आहे का छत्री? आमच्याकडचं वारं सुटलं तर मी थेट मेहकरात उतरीन."

तिसरा छोटा, बसका, पण पत्र्याचा पक्का. पोरगा उत्साहानं म्हणाला, "यात जागेची बचत बघा, टॉयलेट बेडच्या खालीच आहे. ओढलं की बाहेर येतं."

वहिनींनी ते पुन्हा आत ढकललं. मग म्हणाल्या, "तुह्या घरी तू असाच झोपतोस काय बे?"

शेवटी अकोल्याच्या एका डॉक्टरचा जुना ट्रेलर मिळाला. पलंग उंच, संडास वेगळा, शेगडीसमोर खिडकी. कागदपत्रं सगळी नीट. डॉक्टरीणबाईंनी तो का विकला? तर डॉक्टर त्यात जाऊन झोपायला लागले होते म्हणे, घरासमोरच.

* * *

घर तर ठरलं. आता ओढणार कोण? मधुभाऊंकडे ती छोटी पांढरी कार आहे, अंड्यासारखी. ते म्हणाले, "हिलेच हूक लावू."

मुख्तारभाईंनी कारभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, "मधुभाऊ, चढावर ही त्याले ओढणार नाही. अन् उतारावर तो हिले ढकलीन. घाट हाय रस्त्यात."

"असं कसं? इंजिन चांगलं आहे."

"इंजिन का सवाल नहीं है. ओढणारा भारी पाह्यजे, मागचा हलका. भरलेला ट्रेलर रिकाम्या गाडीपेक्षा कमीच भरला पाह्यजे. नाही तर कोण कोणाले नेऊन राह्यलं तेच समजणार नाही."

मधुभाऊ कोर्टातले. पुराव्याशिवाय मानणार नाहीत. म्हणून ट्रेलर एका ट्रॅक्टरमागे लावून सगळी वरात जिनिंगच्या काट्यावर. तिथं कापसाच्या गाड्या मोजतात. काटेवाल्यानं कार पाहिली आणि विचारलं, "कापूस कुठी हाय?"

"कापूस नाही, गाडीच मोजायची आहे."

"विकून राह्यले का किलोवर?"

कार भरली सातशे किलोच्या आत. ट्रेलरमध्ये पाण्याची टाकी भरलेली, वहिनींचं गव्हाचं पीठ, लोणच्याच्या बरण्या, गॅसची टाकी, आणि खिडकीला मुख्तारभाईंनी बसवलेला छोटा कूलर. मे महिन्यात खसचा वास नाही तर ते घर कसलं, असं वहिनींचं म्हणणं. ट्रेलर निघाला कारपेक्षा शंभर किलोनं जड.

मधुभाऊ हिरमुसले. समजूत घालावी म्हणून मुख्तारभाई म्हणाले, "नियमच हाय भाऊ. पुढचा वजनदार, मागचा हलका, तवाच जोडी नीट चालते."

सुमनवहिनी चांगल्या भरलेल्या अंगाच्या. मधुभाऊ म्हणजे मी सांगितलंच, काडी. वहिनी म्हणाल्या, "मग आपली कशी चालली हो एवढी वर्षं?"

मधुभाऊ शांतपणे म्हणाले, "पुढे तूच होती ना."

* * *

मग कार ठेवून, मुख्तारभाईंच्या मेहुण्याची डिझेलची जीप घेतली. काट्यावर ट्रेलरच्या जवळजवळ दुप्पट भरली. हूक बसला, मागच्या दिव्यांच्या तारा जोडल्या, ब्रेक तपासले. आता शिकायचं राहिलं ते रिव्हर्स.

ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं. शेपूट डावीकडे पाहिजे तर स्टिअरिंग उजवीकडे. हे मुख्तारभाईंनी सांगितलं. पण आमच्या गल्लीत सांगणारे एकटे मुख्तारभाई थोडेच आहेत? हा ओट्यावरून ओरडतो "डावं!", तो गच्चीवरून "उजवं!", आणि ट्रेलर सरळ माझ्या ओट्यावर. माझी तुळस वाचली, पायरी गेली.

शेवटी वहिनी मागे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माह्यं ऐका फक्त. मी उजवीकडे म्हटलं की तुम्ही डावीकडे फिरवा."

ट्रेलर एका दमात दारात लागला. सगळे थक्क. मी विचारलं, "मधुभाऊ, एकदम कसं जमलं?"

"सवय आहे," ते म्हणाले. "जन्मभर ती एक म्हणते, मी उलटं करतो, अन् काम तिच्याच मनासारखं होते."

* * *

हा पुढचा किस्सा गल्लीत माझ्या नावावर सांगतात. पण सांगणारे नीट सांगत नाहीत, म्हणून मीच सांगते.

आखाजीच्या आधी नांदुऱ्याच्या रस्त्यावर एक पूर्ण भरून चक्कर मारायची ठरली. निघायच्या आधी मी जरा आत पाहायला गेले. बरण्या कुठं लावल्या, चादर कोणती घातली. पाहता पाहता संडासाचं दार उघडलं, मागच्या बाजूला. छान होता. झाकण लावून जरा बसून पाहिलं. तेवढ्यात बाहेरून दाराची कडी लागली आणि घर चालू लागलं.

चालत्या ट्रेलरमध्ये माणसानं बसू नये, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच वळणानंतर आपोआप समजलं. घर असं डुलत होतं, जसे लग्नात बेंजोपुढं पाहुणे. मी मारुतीचं नाव घेत बेसिन धरून बसले.

पुढे जीपमध्ये, हे मला नंतर कळलं, मधुभाऊ म्हणत होते, "स्टिअरिंगमध्येच काही तरी आहे."

वहिनी आरशात पाहून म्हणाल्या, "स्टिअरिंग नाही, गाडी उलार झाली. थांबवा." बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की पुढचं जू वर उचलतं, त्याला उलार म्हणतात. शेतकऱ्याची लेक ती.

मुख्तारभाई म्हणाले, "पण मी तर बरण्या पुढं सरकवल्या होत्या. ट्रेलरच्या नाकाचा दाब हुकावर बरोबर होता."

जीप कडेला थांबली. मुख्तारभाईंनी ट्रेलरचं दार उघडलं, मग आतलं छोटं दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बाहेर मान काढून हाक दिली,

"मधुभाऊ, उलार मिल गया."

* * *

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ते निघाले. वहिनींनी नवी साडी नेसली होती. मी कुंकू लावलं, हातात कैऱ्यांची पिशवी दिली. "पुढच्या बाजूले ठेवा," म्हटलं. त्या हसल्या, पण डोळे भरले होते. म्हणाल्या, "लता, लग्न झाल्यावर पहिल्यांदा जाऊन राह्यली तशी वाटते वं."

पांढरं घर जीपमागे कोपऱ्यावरून नीट वळलं. अजिबात डुललं नाही. मला उगाच सुनं वाटलं. समोरच्या खिडकीत दिवसभर नुसता पडदा.

दुसऱ्या दिवशी, ऐन आखाजीच्या दुपारी, जीप परत आली. एकटी. मागचा हूक रिकामा. आत मधुभाऊ, तेही एकटेच.

गल्ली ओट्यांवर आली. एकजण म्हणालाच, "पाहा, लताबाई म्हणत नव्हत्या? घर सोडून गेल्या वहिनी."

मधुभाऊंनी जीप बंद केली. चष्मा पुसला. "घर नाही सोडलं," ते म्हणाले. "घर नेलं तिनं. सोडलं ते मले."

काल संध्याकाळी म्हणे आंब्याखाली ट्रेलर लावला, टेकू दिले, कूलर सुरू झाला. शेतातल्या सालदाराच्या बायकोनं पुरणपोळ्या आणून दिल्या. जालन्याहून भाऊ येऊन गेले. रात्री वहिनी खिडकी उघडी टाकून, विहिरीकडे तोंड करून झोपल्या, त्या थेट सकाळी उठल्या. मधुभाऊ जीपमध्ये झोपले. सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "नवरा माहेरी सोडायले येते अन् न्यायले येते. मुक्कामाले राहत नसते. निघा तुम्ही."

"अन् न्यायले कधी बोलावलं?" मी विचारलं.

"ट्रेलरच्या हुकाले कुलूप लावलं तिनं, अन् किल्ली तिच्याजवळ आहे," मधुभाऊ म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी बोळातून जळका वास आला, मग डबे आपटल्याचा आवाज. मी खिडकीशीच होते. लसूण सोलत होते.

"लतावहिनी," पलीकडून आवाज आला, "वरणाले किती शिट्ट्या घ्यायच्या?"

"तीन घ्या. जेवायले इकडेच या ना पण."

"नाही, जमून राह्यलं." मग आवाज खिडकीच्या अगदी जवळ आला, एकदम हळू. "एक सांगू का? सुमनले सांगू नका, गल्लीत तर अजिबातच नका. पण काल रात्री त्या जीपमध्ये झोपल्यावर मी ठरवलं, की आता मी बी—"

आणि त्यांच्या कुकरची शिट्टी झाली.