दत्तू पाणी का पीत नाही

सात वर्षं आयटीवाल्यांची ने-आण करणाऱ्या गाड्या चालवल्या. किलोमीटर मालकाच्या गाडीवर चढले, किस्से तेवढे माझ्याकडे उरले. एक सांगायला बसलं की मागचा हॉर्न मारतो. त्यातले निम्मे आमच्या मांजरी गावच्या दत्तूचे.

*

कंपनी येरवड्याच्या पुढं. इमारत सगळी काचेची, पण ड्रायव्हरला आत मज्जाव. लघवीला समोरचं मोकळं रान. मग त्या रानातही टॉवर उभा राहिला. मी वॉचमनला विचारलं, "आता आम्ही जायचं कुठं?"

"घरी," तो म्हणाला.

दत्तूनं उपाय काढला. ड्युटीवर पाणीच प्यायचं नाही. बघता बघता आम्ही सगळेच तसं करायला लागलो. नवीन ड्रायव्हर आला की रूट दाखवायच्या आधी त्याला हे शिकवायचो.

*

एकदा कंपनीनं आमच्या तब्येतीसाठी सेशन ठेवलं. पार्किंगमध्येच. ट्रान्सपोर्टचे साहेब म्हणाले, "भरपूर पाणी पीत जा."

दत्तू उठला. "पितो की सायेब. पर मग जायचं कुठं?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "आजचा विषय पाणी आहे. बसा."

*

मे महिन्यात गाडीतल्या एका मॅडमनी दत्तूला गार पाण्याची बाटली दिली. पठ्ठ्यानं ती वायपरच्या टाकीत ओतली.

"अहो, तुमच्यासाठी आणली होती मी!"

"गाडीला चालतंय मॅडम. मला न्हाई परवडत."

चहाच्या टपरीवर हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो. दत्तू कंबर दाबत बसला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

मग ती सकाळ. दत्तू कात्रजहून चौघांना घेऊन निघाला आणि वाटेत पोटात कळ उठली. डोळ्यांपुढं अंधारी. त्यांची कामावर लॉगिन करायची वेळ चुकली की ड्रायव्हर घरी बसतो, म्हणून गडी थांबला नाही. गेटवर आला, ट्रिपशीटवर चौघांच्या सह्या घेतल्या आणि मग स्टिअरिंगवर कोसळला.

मी गेटवरच होतो, धावत गेलो. त्या चौघांतला एक पोरगा मला म्हणाला, "आज ड्रायव्हिंग जरा रफ होतं."

माझं डोकंच फिरलं. पाचही जण गेले असते, आणि याला धक्क्यांचं पडलंय. दत्तूला माझ्या गाडीत घातलं. हॉस्पिटल येईपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

*

मुतखडा निघाला. आणखी उशीर झाला असता तर किडनी गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी पुन्हा गेलो तर सिस्टर वैतागलेल्या. सकाळचा पाण्याचा जग भरलेला तसाच.

"तुम्ही तरी सांगा यांना. पाणी प्यायल्याशिवाय बरं कसं वाटेल?"

मी ग्लास भरून दत्तूच्या हातात दिला. त्यानं तो नुसता धरून ठेवला. दाराकडं बघितलं, मग हळूच विचारलं, "ताई, हितलं बाथरूम ड्रायव्हर लोकांना चालतं का?"