आईचा पाढा

माझी आई शिवाजी पेठेतल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती. बत्तीस वर्षं तिनं दुसरी, तिसरी, चौथीची पोरं सांभाळली. तिचा आवाज असा होता, की ती वर्गात पाढे म्हणवून घ्यायला लागली की कोपऱ्यावरचा सायकलवालाही पंक्चर काढता काढता मान डोलवायचा. निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. पार्किन्सन.

थरथर तिनं सोसली. चहाचा कप निम्माच भरून घ्यायची, पदराला पिन लावताना माझ्या बायकोला हाक मारायची. पण पुढं दोन गोष्टी झाल्या. आवाज इतका बारीक झाला, की शेजारी बसूनही "काय म्हणालीस?" असं विचारावं लागे. आणि चालता चालता ती मधेच थिजायला लागली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली की पाय जमिनीत रुतल्यासारखे व्हायचे. शरीर पुढं झुकायचं, पाय मात्र हलत नसत.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताईंनी सांगितलं, "चालण्याचा ताल आतून मिळत नाहीये. तो बाहेरून द्या. गाणं लावा, टाळ्या वाजवा, काहीही."

मी लगेच मोबाइलवर अभंग लावले. आई दोन दिवस ऐकत राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "छान आहे. पण यावर झोप येते, चालायला नाही येत." मग टकटक आवाज देणारं एक अ‍ॅप आणलं. त्यावर तिनं एवढंच म्हटलं, "बंद कर. घड्याळाच्या दुकानात बसल्यासारखं वाटतंय."

एका सकाळी मी शाहूपुरीतल्या दुकानाला निघालो होतो. मोटारपंपाचं दुकान आहे माझं. आई उंबऱ्याशी अडकलेली दिसली. बायको तिचा हात धरून उभी होती आणि दोघींचे चेहरे रडवेले झाले होते. मला काही सुचेना. पाऊल टाकायला आकडे मोजावेत म्हणून तोंड उघडलं आणि का कोण जाणे, तोंडातून निघालं, "बे एके बे."

आईनं मान वर केली.

"बे दुणे चार," मी म्हणालो, शाळेत म्हणायचो तसं, शेवटाला हेल काढून. आईचा उजवा पाय उचलला गेला. "बे त्रिक सहा"ला डावा पाय उंबऱ्यापलीकडं पडला. "बे पंचे दहा"पर्यंत ती ओट्याशी पोहोचली होती. बायको बघतच राहिली.

त्या दिवसापासून आमच्या घरात पाढे सुरू झाले. अंघोळीला जाताना पाचाचा, अंगणात फिरताना साताचा. मी पाढ्यांत लहानपणापासून कच्चा. एकदा बोलून गेलो, "तेरा साती ब्याण्णव."

"एक्क्याण्णव!" आई गरजली. कित्येक महिन्यांनी तो जुना आवाज ऐकला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून विचारलं, "काय झालं ओ?" मी सांगितलं, "मार बसायचा वाचला." त्यानंतर मी मुद्दाम चुकायला लागलो. तिला ते लगेच कळलं, पण दरवेळी ती पूर्ण जोर लावूनच दुरुस्त करायची.

मग निवडणूक आली. आमचं मतदान केंद्र आईच्याच शाळेत होतं. बायको म्हणाली, चाकाची खुर्ची मागू. आई म्हणाली, "त्या शाळेत मी बसून जाणार नाही."

रिक्षातून उतरून ती मैदानभर नीट चालली. वर्गाच्या दारात मात्र थिजली. मागं रांग होती. मी खालच्या आवाजात पाढा सुरू केला, पण गोंगाटात तो तिच्यापर्यंत पोहोचेना. एक पोलीस खुर्ची घेऊन पुढं आला. आईनं त्याच्याकडं बघून हळूच मान हलवली. नको.

तेवढ्यात रांगेतून एक पन्नाशीचा दांडगा गडी पुढं आला. पांढरी टोपी, हातात दुधाची रिकामी किटली. "बाई, वळखलं न्हाय काय? मी तुमच्या चौथीत हुतो की." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "काय पुटपुटतायसा पावणं? जरा मोठ्यानं म्हणा की."

मी म्हणालो, "पाढा म्हटला की त्यांना चालता येतं."

मग त्यानं किटली खाली ठेवली, छाती फुगवली आणि सुरुवात केली, "बे एके बे!" त्याच्या मागच्या दोघी बायकांनी "बे दुणे चार" ओढलं. त्याही तिच्याच विद्यार्थिनी, हे नंतर कळलं. मग आणखी चार-पाच आवाज मिसळले. आईनं पाऊल उचललं. दार ओलांडलं. टेबलावरचे कर्मचारी लेखणी थांबवून बघत होते. त्यांच्यातला एक जण "आवाज नको, आवाज नको," म्हणत उठला खरा, पण आई समोर येऊन उभी राहिल्यावर त्यानं मुकाट्यानं यादी उघडली.

सही करायला तिला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. बोटाला शाई लावून ती पडद्याआड एकटीच गेली. मशिनचा लांब आवाज ऐकू येईपर्यंत मी श्वास रोखून उभा होतो.

बाहेर आल्यावर तो दूधवाला पाया पडला. आईनं त्याच्या पाठीवर थरथरता हात ठेवला आणि त्याला नीट न्याहाळलं. "तू शेवटच्या बाकावर बसायचास. घरी जायची घाई असायची."

"म्हशींचं बघायला लागायचं, बाई."

"माहीत होतं मला," आई म्हणाली. "म्हणून तर तुझा पाढा सगळ्यात आधी घ्यायची."

त्याचे डोळे भरून आले. किटली उचलून तो रांगेत परत गेला.

आजार गेलेला नाही. औषधाचा डोस वाढलाय, काही दिवस फार वाईट जातात. पण मी त्या दिवशी तिचा हात धरून मैदानातून परत निघालो तेव्हा येणारे-जाणारे बाजूला होऊन वाट देत होते, कुणी हात जोडत होते, आणि मला जन्मात पहिल्यांदा वाटलं, की मी कुणाचा मुलगा आहे हे सगळ्या पेठेला ओरडून सांगावं. सांगायची गरज नव्हती. त्यांना माझ्याआधीच माहीत होतं.