ढेकीखालचा हात

थांबलेल्या वस्तूतही ऊर्जा असते, या एका वाक्याने दोन महिने माझ्या संसाराचा चोथा करून टाकला होता. आम्ही तेव्हा कुरुदला एका छत्तीसगढी म्हातारीच्या घरात एक खोली घेऊन राहत होतो. भिलाईचा पोलादाचा कारखाना रशियनांच्या मदतीने उभा होऊन राहिला होता आणि आमचे हे तिथे खलाशी होते, म्हणजे क्रेनच्या हुकाला ओझी बांधायची आणि सोडायची. क्रेन चालवायला मिळावी म्हणून तोंडी परीक्षा होती. पास झालं की नोकरी कायम, वर सेक्टर दोनमध्ये क्वार्टर. नळ घरात, संडास घरात. नापास झालं तरी एकूण तीनदाच बसता येई, मग कामावरून कायमची सुट्टी. हे दोनदा बसून झाले होते.

सुट्टी म्हणजे भंडाऱ्याकडचं गाव, तीन दीर, तीन जावा आणि एक चूल. मला तिथे परत जायचं नव्हतं. अगदी स्पष्ट सांगते, मला त्या चुलीचं तोंडही पाहायचं नव्हतं.

दोन्ही वेळा हे एकाच प्रश्नावर आडवे झाले. हुकाला टांगलेलं ओझं हालत नसेल, तर त्यात ऊर्जा आहे का? हा गडी दोन्ही वेळा नाही म्हणून आला. शेतकऱ्याचा मुलगा ना! चालता बैल काम करतो, उभा बैल नुसता कडबा खातो. जे हालत नाही त्यात जोर कुठून येणार, असं यांचं पक्कं मत. रशियन साहेबाने शिकवलं होतं, दुभाष्याने हिंदीत सांगितलं होतं, यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. आता तेच घोकणं चालायचं. हलती वस्तू, गतिज ऊर्जा. ठहरी वस्तू, स्थितिज ऊर्जा. अंघोळ करताना तेच, जेवताना तेच. ऐकून ऐकून मला पाठ झालं, म्हातारीला पाठ झालं. पण उदाहरण द्या म्हटलं की यांच्या तोंडाला कुलूप. मी चौथी शिकलेली. काही सांगायला गेले की यांचं ठरलेलं, "तुले काय समजते त्यातलं." त्या बोलण्याचा मला इतका राग यायचा की भाकरी थापताना हात जोरात पडायचा.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी दुपारी मी अंगणात धान कुटत होते. म्हातारीकडे ढेकी होती. लांब लाकडी धूड, मधे टेकू. एका टोकावर पाय दाबला की दुसऱ्या टोकाचं मुसळ वर जातं, पाय काढला की दाणकन खाली उखळात, धानावर. हे बाजूला बाजेवर बसून घोकत होते. ठहरी वस्तू, ठहरी वस्तू. माझं डोकं फिरलं. मी पाय दाबला, मुसळ वर नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

"उखळात हात घाला," मी म्हटलं.

"पागल झाली का?"

"कावून? मुसळ हालून तं नाही राहिलं."

त्यांनी मुसळाकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. हात तर केव्हाच पाठीमागे गेला होता.

"थांबलं आहे ना? मंग त्याच्यात काई नाही. घाला हात."

ते बाजेवरून उठले, वाकून मुसळ न्याहाळलं. मग खालच्या आवाजात विचारलं, वर नेताना तू जो जोर लावला, तोच त्याच्यात बसून आहे का? मी म्हटलं, नाही तर कुठे गेला असेल, बाजाराला? त्यांनी वही उघडली आणि पेन्सिलीने ढेकीचं चित्र काढलं. त्या दिवशी 'तुले काय समजते' ऐकू आलं नाही. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

आणि हे पास झाले. पेढे घेऊन आले, आजूबाजूचे चार जण गोळा झाले. मी ताट घेऊन उभी. हे रंगात येऊन सांगत होते, कसा तोच प्रश्न आला, कसं ढेकीचं उदाहरण दिलं, परीक्षा घेणारे साहेब कसे खूश झाले. साहेबांनी विचारलं म्हणे, इतकं छान कोणी शिकवलं? आणि यांनी सांगितलं, रशियन साहेबाने.

रशियन साहेबाने! त्या बिचाऱ्याने जन्मात ढेकी पाहिली असेल तर शपथ. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लोक होते म्हणून गप्प बसले. ते गेल्यावर यांना अंगणात बोलावलं, पाय दाबून मुसळ वर नेलं.

"आता घाला हात, आन मंग सांगा कोनं शिकवलं."

मला वाटलं, त्या दिवशीसारखे मागे सरतील, चुकलं म्हणतील. माझं मागणं तेवढंच होतं. पण ते उखळापाशी बसले आणि हात आत घातला, थेट तळाला टेकवला.

"बायकोनं शिकवलं म्हणलो असतो तं सारे हासले असते मले," ते म्हणाले. "काढ पाय."

मी पाय काढणार होते थोडीच! म्हटलं, हात काढा. ते हलेनात, माझ्याकडे बघतही नव्हते. माझी पोटरी भरून आली, मांडी थरथरायला लागली. राग माझा, खरं माझं, आणि ते धूड वर धरून ठेवायचं तेही मीच. पाय जरा जरी ढिला पडला असता तर या हाताने पुन्हा कधी क्रेन चालवली नसती.

"बरं," मी म्हटलं, "रशियन साहेबानं शिकवलं. काढा हात."

त्यांनी हात काढला, बोटांना लागलेला कोंडा झटकला, बाजेवरच्या ताटातला एक पेढा उचलला आणि क्वार्टरमध्ये नळ कोणत्या बाजूला आहे ते सांगायला लागले. मी पाय काढला. रिकाम्या उखळात मुसळ असं आदळलं की म्हातारी आतून बाहेर आली, काय पडलं म्हणून विचारायला.

मी म्हटलं, काही नाही.