साडेएक्केचाळीस खोके

पिकल्या चिकूचा वास आला की डहाणूची ती पॅकिंगची शेड आठवते. २०१८ साली तिथला खोके मोजणारा प्रोग्राम मी पायथॉन या संगणकभाषेच्या जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत आणला होता. जुन्या आवृत्तीतला भागाकार अपूर्णांक सोडून द्यायचा, नव्यातला सोडत नाही. कागदावर फक्त भरलेले खोके यायचे आणि उरलेले चिकू निवडणाऱ्या बायका घरी न्यायच्या. नवा प्रोग्राम सुरू झाला त्या दिवशी कागदावर साडेएक्केचाळीस खोके आले, म्हणून मुकादमाने अर्धा खोकाही टेम्पोत चढवला. रानशेतची एक बाई रिकाम्या पिशवीची घडी घालत म्हणाली, "दादा, तुमचा नवीन कम्प्युटर लई हुशार, आमचे पण मोजले त्याने." मी आत गेलो आणि प्रोग्राममधल्या भागाकाराच्या तिरक्या रेघेला तशीच आणखी एक रेघ जोडली; अपूर्णांक पुन्हा सुटू लागला. ही दुसरी रेघ कशाला, असं तो प्रोग्राम बघून अजूनही कुणी विचारलं तर सांगतो, "राहू दे, तिथे बायका पिशव्या घेऊन येतात."