बकुळाबाईंचं एकच चित्र

लालबागच्या एका व्यायामशाळेत दर रविवारी सकाळी मी चित्रकलेचा वर्ग घ्यायचो. माझा नियम एकच होता. वस्तू समोर ठेवायची, पेन्सिल हाताच्या अंतरावर धरून माप घ्यायचं, मगच कागदाला हात लावायचा. मनाने काढलेलं चित्र मी सरळ फाडून टाकत असे. सगळा वर्ग मला टरकून असायचा आणि मला त्याचा अभिमानही होता.

छप्पन सालच्या मार्चमध्ये बकुळाबाई वर्गात आल्या. गिरणीत वायंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होत्या. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात त्यांचे यजमान दत्ताराम गेले होते.

"ह्यांचो एकव फोटो नाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "गोळीबाराक वर्ष होतला, त्या सभेक सगळ्यांचे फोटो लावतले. माका ह्यांका काढूक शिकवा."

मी म्हणालो, "आधी तांब्या काढा."

त्यांनी तांब्या काढला, वांगं काढलं, कंदील काढला. सुताने कडक झालेली बोटं पेन्सिल इतकी दाबायची की कागद फाटायचा. आठ महिन्यांत हात बराच सुधारला. मग चेहऱ्याची मापं कळावीत म्हणून मी त्यांच्या दिराला समोर बसवलं. चित्र चांगलं उतरलं, मी तर खूश झालो. बाईंनी ते बराच वेळ बघितलं आणि माझ्यादेखत त्याचे चार तुकडे केले.

"हो कोणीतरी दुसरोच," म्हणाल्या.

माझा पारा चढला. "जो माणूस समोर नाही, तो काढता येत नाही!" बोलून गेलो आणि जीभ चावली.

सभेच्या आधीच्या रविवारी त्या घरूनच एक कागद घेऊन आल्या. चाळीचा जिना उतरणारा पाठमोरा माणूस. डावा खांदा जरा खाली, सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटून शिवलेली. माप कुठेच धड नव्हतं, जिना तर आत्ता कोसळेल असा.

"चेहरा कुठाय?" मी ओरडलो.

"तोंड आठवूक गेलंय की हरवता. पाठ हरवणा नाय. मोर्चाक गेले त्या दिवशी दारातसून पाठच बघलंय."

खाली नाव घालायचं होतं. नवऱ्याचं नाव त्या उच्चारत नसत, मग लिहिणार कुठून? म्हणून ते मी लिहावं, असं त्यांनी सांगितलं. मी "बघू" म्हणालो आणि लिहिलं नाही. असलं चित्र कुणी लावणार नाही, याची मला खात्री होती.

सभेच्या दिवशी झालंही तसंच. पाठीला हार कसा घालायचा, असं कार्यकर्ते विचारू लागले. कागद टेबलावर पडून राहिला, बाई मागे भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी पुढे होऊन बोलायला हवं होतं. बोललो नाही, त्याची मला आजही लाज वाटते.

खुर्च्या मांडणारा धोंडू नावाचा गिरणी कामगार टेबलापाशी आला. बाईंना तो ओळखत नव्हता. त्याने कागदाकडे पाहिलं आणि हातातली खुर्ची खाली ठेवली.

"ह्यो आमचो दत्ताराम! मोर्चात मी ह्याच्या मागसूनच होतंय. ह्यो खांदो..." त्याच खुर्चीत बसून तो रडू लागला.

मी खिशातली पेन्सिल काढली आणि आठवडाभर न लिहिलेलं नाव चित्राखाली लिहिलं.