भोंगा, ड्रमर आणि जुलेखाआपांचा बांगडा

“बाय, ही कॅसेट खराब निघाली. दुसरी द्या.”

बाबूने कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली आणि टोपीने वारा घेत बसला. सकाळचे साडेदहा झाले होते. तासाभरापूर्वीच मी ती कॅसेट मोठ्या अभिमानाने त्याच्या हातात दिली होती.

“खराब म्हणजे काय झालं?”

“अवो, नुस्ती खरखर. मांडवीत लोक बोलतात, बाबू, तुजा भोंगा फाटला. राम आळीत एक जण पक्कड घेऊन आला, वायर बघतो बोलला. मी दोनदा टेप थोपटला पण. शेवटी बंद करून परत फिरलो.”

कॅसेट खराब नव्हती. ती खरखर मी मुद्दाम भरली होती, आणि ती भरायला मला एक अख्खा दिवस लागला होता. आतल्या खोलीतून अण्णांचं हसू ऐकू आलं. ते सांगत काही नव्हते, नुसते हसत होते, आणि ते जास्त लागत होतं.

आधी हे सगळं काय प्रकरण आहे ते सांगते. दोन हजार सालच्या आसपास मी रत्नागिरीत एका छोट्या स्टुडिओत रिक्षाच्या जाहिराती लिहायचे. साड्यांचा सेल, नाटकाचा प्रयोग, सर्कस, बंद राहणारं नळाचं पाणी, सगळं गावाला कळायचं ते रिक्षावर बांधलेल्या भोंग्यातून. कुणीतरी ते लिहीत असेल असं लोकांच्या मनातही येत नसे. लग्नात कुणी विचारलं, “काय करतेस?” तर मी “लेखिका आहे” म्हणायचे. “कुठली पुस्तकं?” असं विचारलं की वाढायला उठायचे.

स्टुडिओ अण्णांचा. लिहायचं मी, बोलायचं अण्णांनी, फिरवायचं बाबूने, अशी वाटणी. अण्णांचा आवाज म्हणजे देवळातली मोठी घंटा. मंगळसूत्रांचं प्रदर्शन असो की उंदीर मारायचं औषध, सुरुवात एकच: “बंधूंनो आणि भगिनींनो!”

या लिखाणाचा एकच नियम आहे. रिक्षा घरावरून जाते तेव्हा घरातल्या माणसाला जेमतेम पंधरा-वीस सेकंद ऐकू येतं. त्याला तुमची सुरुवात मिळत नाही, शेवट मिळत नाही, मधलाच कुठला तरी तुकडा मिळतो. म्हणून प्रत्येक तुकड्यात दुकानाचं नाव, पत्ता आणि मालाचं नाव आलंच पाहिजे. दोन मिनिटांचा मजकूर तयार झाला की तोच कॅसेटच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा भरायचा. झाली जाहिरात.

हे सगळं मी एका इंग्रजी रॉक बँडच्या साथीने लिहायचे. माझा मामेभाऊ जहाजावर होता, त्याने ती कॅसेट आणून दिली होती. बँडचं नाव सांगत नाही. सांगितलं की ज्यांना माहीत आहे ते त्यांची नंतरचीच गाणी कशी चांगली यावर भांडायला येतात. कॅसेटचं कव्हर हरवलेलं होतं, त्यामुळे गाण्यांची नावं मला ठाऊक नव्हती. गायक काय म्हणतो ते तर मुळीच कळत नव्हतं. माझं इंग्रजी टायपिंगच्या परीक्षेपुरतं. पण कानाला वॉकमन लावला की हात चालायला लागायचा. वाक्य लांबलं की ड्रमच्या ठोक्यात बसायचं नाही, मग मी शब्द कापायचे. चांगलं छोटं वाक्य लिहायला मला शाळेतल्या बाईंनी नाही, त्या ड्रमरने शिकवलं. अण्णा त्या संगीताला ‘भांड्यांची मांडणी पडली’ म्हणायचे.

त्या कॅसेटवरचं पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी कुलूप उघडतं, पावलं वाजतात, खुर्ची सरकते, आणि मग हळूच गिटार येते. एक शब्द बोलण्याआधी तुम्हाला घरात नेऊन बसवतात. तेच डोक्यात घेऊन मी जुलेखाआपांची जाहिरात केली आणि तोंडावर पडले.

जुलेखाआपा या आमच्या गिऱ्हाईक. नवरा जहाजावर, वर्षातून एकदा घरी. पंचवीस वर्षं घरच्यांना जेवू घातल्यावर त्यांनी मच्छीमार्केटच्या पाठच्या गल्लीत खानावळ काढली होती. चार टेबलं, निळा दरवाजा, हातची तांदळाची सांदणं आणि तव्यावरचा बांगडा. गाळा दिराचा, उस्मानभाईंचा. त्यांनी एका महिन्याची मुदत दिली होती. महिन्यात खानावळ चालली तर चालली, नाहीतर तिथे ते STD बूथ टाकणार. आपा आमच्याकडे आल्या तेव्हा त्यातले अठरा दिवस गेले होते, आणि दिवसाला दोन-तीन माणसं जेवून जात होती.

“जेवलेला माणूस परत येतो, बाय,” त्या म्हणाल्या. “पन पयल्यांदा यायला तं पायजे. गल्लीच कुनाला गावत नाय. तो बूथ झाला ना, तं मी परत घरात. मना नाय जायाचं परत घरात.”

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी हळू म्हटलं. मला फार आवडल्या त्या. मी ठरवलं, ही जाहिरात नेहमीसारखी करायची नाही.

म्हणून मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि तव्यावर पडणाऱ्या बांगड्याचा आवाज भरून आणला. स्टुडिओतल्या स्पीकरवर तो चर्रर्र आवाज असा काही आला की अण्णांनी शाकाहारी असून डबा लवकर उघडला. सुरुवातीला पुरे दहा सेकंद नुसता बांगडा, मग मजकूर. मला वाटलं, जिंकलं!

मी एक गोष्ट विसरले. भोंगा म्हणजे स्पीकर नव्हे. भोंग्यातून माणसाचा आवाज तेवढा धड येतो, बाकी सगळ्याचा पत्रा होतो. रस्त्यावर माझ्या बांगड्याची नुसती खरखर झाली आणि तिच्यापुढची जाहिरात ऐकायला कुणी थांबलंच नाही. चार वर्षं या धंद्यात काढून मला हे कळू नये!

“झाले प्रयोग?” अण्णा बाहेर येत म्हणाले. “काय गो मेधा, आता माझ्या पद्धतीने करू?”

मी मान डोलावली. दुसरं करणार काय?

अण्णांच्या पद्धतीची कॅसेट तीन दिवस फिरली. “बंधूंनो आणि भगिनींनो! खवय्यांना खुशखबर!” त्याच दिवसांत गावात साड्यांच्या सेलच्या दोन रिक्षा आणि एक सर्कस फिरत होती, आणि त्यातली एक रिक्षा आमच्याच अण्णांच्या आवाजात होती. तिसऱ्या दिवशी आपांचा फोन आला. तक्रार नव्हती. उस्मानभाई बूथच्या फर्निचरसाठी माप घ्यायला कधी येऊ विचारत होते, एवढंच त्यांनी सांगितलं. जेमतेम आठवडा उरला होता.

मी उठले आणि बाबूच्या रिक्षात जाऊन बसले. जाहिरात लिहिणाऱ्याने रिक्षात बसून फिरायची पद्धत आमच्यात नव्हती. स्वयंपाकी कुठे पंगतीत बसतो? पण मला लोकांची तोंडं बघायची होती. ती बघितली आणि वाईट वाटलं. भोंगा कानठळ्या बसवत होता आणि कुणी मान वर करत नव्हतं. कुणी तांदूळ निवडत होतं, कुणी दाढी करत होतं. आम्ही त्यांच्या लेखी समुद्राची गाज होतो.

परटवण्याच्या उतारावर कॅसेटची बाजू संपली. ती उलटायला बाबूने रिक्षा कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. एकदम सामसूम. आणि समोरच्या घराची खिडकी उघडली. एका आजींनी डोकं बाहेर काढलं.

“काय झाला रे? बंद का पडला?”

पलीकडच्या ओटीवरचा माणूस वर्तमानपत्र खाली करून आमच्याकडे बघत होता. माडाखाली कपडे धुणारी बाई हात थांबवून उभी होती. बाबूने कॅसेट उलटून “बंधूंनो” सुरू केलं, आणि तिन्ही डोकी जशी आली तशी परत गेली.

मी रिक्षातच ओरडले, “बाबू, तिसरं गाणं!”

“कसलं गानं?”

त्या कॅसेटवरच्या तिसऱ्या गाण्यात मधेच सगळं थांबतं. गिटार, ड्रम, गायक, सगळं एका झटक्यात. सहा आकडे मोजेपर्यंत काही नाही. मग गायक एकटाच, अगदी साध्या आवाजात, एक ओळ म्हणतो. ती ओळ काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण शेकडो वेळा ऐकूनही तिथे माझं पेन थांबायचं आणि मी मान वर करायचे. आवाजाला माणूस सरावतो, पण आवाज थांबला की दचकतो. हे मला चार वर्षं रोज कानात कुणीतरी सांगत होतं, आणि मी त्यावर साड्यांचे सेल लिहीत होते.

स्टुडिओत येऊन मी अण्णांना बेत सांगितला. त्यांनी सुरुवात करायची, जोरात, नेहमीसारखी. मग वाक्याच्या मधेच तोडायचं. सहा आकडे शांतता. मग आपांचा आवाज.

“वाक्याच्या मधे?” अण्णांचा चेहरा पडला. “अगो, माझं वाक्य आजवर कधी अर्धवट राहिलेलं नाही. आणि लोक आपल्याकडे बोलून घ्यायला येतात, गप्प बसवून घ्यायला नाही.”

“अण्णा, एकदा हे ऐका. आवडलं नाही तर तुमच्याच पद्धतीने करू.”

मी वॉकमन त्यांच्या कानाला लावला. पहिलं मिनिटभर त्यांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. मग खिशातून यादी काढून वाचायला लागले. मी घड्याळ बघत होते. बरोबर त्या जागी अण्णांनी मान वर केली.

“वॉकमनचे सेल संपले?” ते म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी खुर्चीतल्या खुर्चीत दचकले. त्यांच्या कानात गायकाची ती एक ओळ येऊन गेली होती आणि पाठोपाठ ड्रम परत आले होते.

त्यांनी वॉकमन काढून टेबलावर ठेवला. “मांडणीच पडली,” ते म्हणाले, “पण मुद्दाम पाडलेली दिसते. बोलाव तुझ्या आपांना.”

आपा मायक्रोफोनपुढे बसल्या आणि गोठल्या. मी लिहिलेला कागद त्या शाळेतल्या कवितेसारखा वाचायला लागल्या. चार वेळा केलं, चारही वेळा वाईट. शेवटी मी कागद काढून घेतला आणि विचारलं, “आपा, दारातून ओळखीचं माणूस जाताना दिसलं तर काय म्हणता?”

त्यांनी मायक्रोफोनकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि अण्णांनी गुपचूप बटण दाबलं. माझ्या कारकिर्दीतली सर्वांत चांगली जाहिरात अशी मी न लिहिलेली आहे.

दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या आधी आम्ही निघालो. अण्णाही रिक्षात येऊन बसले. बाबूला काम नेमून दिलं होतं: अण्णा “राम आळीपासून मांडवीपर्यंत” म्हणाले की रिक्षा कडेला घ्यायची, आवाज तुटला की चावी फिरवून इंजिन बंद करायचं.

पहिला थांबा राम आळी. भोंगा गरजत होता, “बंधूंनो आणि भगिनींनो! राम आळीपासून मांडवीपर्यंत सर्व खवय्यांना कळविण्यात अत्यंत आनं—”

बाबूने चावी फिरवली. मी मनात मोजायला लागले. एक, दोन. दुकानातल्या माणसाने वजन काट्यावर ठेवता ठेवता वर बघितलं. तीन, चार. वरच्या मजल्यावरची दोन दारं उघडली. अण्णांनी माझा हात घट्ट धरला. पाच. पक्कडवाला तो माणूस पुन्हा बाहेर आला. सहा.

“जेवलाव काय?” भोंग्यातून आपांचा आवाज आला, शेजारणीला विचारावं तसा. “नसाल तं या. बांगडा तव्यावर हाय. मच्छीमार्केटच्या पाठच्या गल्लीत, निळा दरवाजा. मी जुलेखा. वाट बघतंय.”

मग वरून एक बाई खळखळून हसली, आणि पक्कडवाला रिक्षाला उद्देशून जोरात म्हणाला, “येतो गो, येतो!”

एक वाजता आम्ही निळ्या दरवाजापाशी पोचलो तेव्हा आत जायला जागा नव्हती. भात दुसऱ्यांदा चढला होता. पक्कडवाला कोपऱ्यात दोन बांगडे घेऊन बसला होता. आणि मधोमध, गळ्यात मापाची टेप अडकवलेले उस्मानभाई दोन्ही हातांत ताटं घेऊन धावत होते. ते खरंच बूथचं माप घ्यायला आले होते, आणि आपांनी दारातच त्यांच्या हातात ताट दिलं होतं. मला बघून आपा तव्यापासून हलल्या नाहीत. उलथनं वर करून दाखवलं आणि डोळे पुसले. कांद्यामुळे असेल, पण माझे का भरून आले ते मला माहीत आहे.

महिना संपला त्या दिवशी उस्मानभाईंनी ती टेप वापरली. बाहेरच्या भिंतीलगत आणखी दोन बाकडी बसतील का, ते बघायला.

आमच्या धंद्यात चांगली युक्ती टिकत नाही. पंधरा दिवसांत गावातली प्रत्येक रिक्षा मधेच गप्प व्हायला लागली. एकदा गोखले नाक्यावर तीन रिक्षा एकाच वेळी गप्प उभ्या होत्या आणि लोक खुशाल आपापल्या कामाला जात होते. आम्ही मुकाट्याने “बंधूंनो”वर परत आलो.

त्या बँडचं एकही वाक्य मला आजवर कळलेलं नाही. पण आपलं म्हणणं लोकांनी ऐकावं असं वाटत असेल तर आधी गप्प बसता आलं पाहिजे, एवढं मी त्यांच्याकडून शिकले. अण्णांनाही ते इतकं पटलं की एका समारंभात ते गप्प बसण्याचं महत्त्व या विषयावर सव्वा तास बोलले.